ड्रोनचे दृश्य चित्रपटात उपरे का वाटते आणि दीड लाखात नेमके काय घ्यावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेर परिसरात तुम्ही अहिराणी लघुपट केला. जमिनीवरचे चित्रीकरण मित्राच्या सोनी झेडव्ही-ई१० या कॅमेऱ्यावर केले आणि शेतशिवाराची दृश्ये स्वतःच्या डीजेआय मिनी २ या ड्रोनने घेतली. संकलन करताना लक्षात आले की ड्रोनचे दृश्य आले की चित्रपट थांबल्यासारखा आणि भलताच व्हिडिओ सुरू झाल्यासारखा वाटतो. पाने चिखलासारखी दिसतात, आकाश पांढरे होते, हालचाल अडखळते. हाताशी दीड लाख रुपये आहेत. त्यातून मोठा ड्रोन घ्यावा की चांगला कॅमेरा, आणि कॅमेरा घ्यायचा तर कोणता, हे तुम्हाला हवे आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत लग्ने, माहितीपट, शेती कंपन्यांच्या फिल्म आणि अहिराणी गाण्यांचे चित्रीकरण करण्यात माझी अठरा वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून आधी स्पष्ट उत्तर देतो. ड्रोन बदलू नका. आहे त्या ड्रोनसाठी एनडी फिल्टरचा, म्हणजे लेन्सवर लावायच्या, उजेड कमी करणाऱ्या गडद काचांचा, संच घ्या, चित्रीकरणाची वेळ बदला आणि पैसा कॅमेरा, लेन्स व ध्वनी यांवर घाला. एखाद्या चित्रपटाला खरोखरच मोठ्या ड्रोनची गरज पडली, तर तो परवानाधारक चालकासह दोन दिवस भाड्याने आणा. हे मी का म्हणतो, ते समजल्याशिवाय हा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

पहिला गैरसमज ‘४के’ या शब्दाचा आहे. तुमचा ड्रोनही ४के आहे आणि मित्राचा कॅमेराही ४के आहे, म्हणजे दोघेही ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख बिंदूंचे चित्र देतात. फरक आहे तो हे बिंदू किती जागेवरून गोळा झाले यात. मिनी २ मधील १/२.३ इंची सेन्सरचे (उजेड टिपणाऱ्या चकतीचे) क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिलिमीटर भरते, तर झेडव्ही-ई१० च्या एपीएस-सी सेन्सरचे सुमारे ३६६. म्हणजे मित्राच्या कॅमेऱ्याकडे उजेड गोळा करायला ड्रोनच्या तेरापट अंगण आहे. डीजेआयच्याच इतर ड्रोनपैकी मिनी ३ प्रो आणि मिनी ४ प्रो मधील १/१.३ इंची सेन्सर जवळपास ७० चौरस मिलिमीटरचा असतो, एअर २एस मधील एक इंची सेन्सर ११६ चा आणि मॅव्हिक ३ मधील फोर-थर्ड्स सेन्सर २२५ च्या आसपास. ‘एक इंच’ या नावावर जाऊ नये. हे आकडे जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून आलेले आहेत आणि त्या सेन्सरची कोणतीही बाजू प्रत्यक्षात एक इंच नसते.

या अंगणाचा हिशेब आपल्याकडे सर्वांत स्पष्ट दिसतो तो कापूस वेचणीच्या दिवसांत. काळी माती, तिच्यावर फुटलेली पांढरी बोंडे, वेचणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा पदर आणि पदराच्या सावलीतला चेहरा, हे सगळे एकाच चौकटीत असते आणि वरून कार्तिकाचे स्वच्छ ऊन. लहान सेन्सरला एवढा पल्ला झेपत नाही. स्वयंचलित एक्सपोजर (आत घ्यायच्या उजेडाचे प्रमाण) काळी माती पाहून चित्र उजळवते आणि बोंडांचा पोत नाहीसा होऊन पांढरे डाग उरतात. गेलेला पोत संकलनात परत येत नाही, मात्र सावलीतला अंधार काही प्रमाणात वर उचलता येतो. म्हणून ड्रोनचे एक्सपोजर हाती घ्या, हिस्टोग्रामची (पडद्यावरच्या उजेडाच्या आलेखाची) उजवी कड पाहा, बोंडांतील रेषा दिसेपर्यंत चित्र थोडे गडद ठेवा आणि मगच रेकॉर्डिंग सुरू करा. एकदा ठरवलेले एक्सपोजर त्या संपूर्ण दृश्यात बदलू देऊ नका. उडताना मध्येच आकाश आत आले आणि चित्राचा उजेड आपोआप खाली-वर झाला, की प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, परंतु ‘हे यंत्राने काढले आहे’ हे त्याला तत्काळ कळते.

आता पानांच्या चिखलाविषयी. मिनी २ सेकंदाला जास्तीत जास्त १०० मेगाबिट साठवतो, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. तेवढ्यात एका सेकंदाची २५ चित्रे, म्हणजे २५ चौकटी, बसवायच्या असतात. म्हणून ड्रोन प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाही. आधीच्या चौकटीपेक्षा काय बदलले तेवढेच तो मुख्यतः नोंदवतो. तापीच्या संथ पात्रावरून जाताना बदल थोडा असतो, त्यामुळे चित्र सुरेख येते. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेवरून आठ-दहा मीटर उंचीने वेगात गेलात, तर चौकटीतील प्रत्येक पान, पानावरची प्रत्येक शीर आणि वाऱ्याने फाटलेली प्रत्येक झिरमिळी दर चौकटीला जागा बदलते. साठवणुकीचे गणित तिथे कोलमडते. संगणकावर असे एक दृश्य पूर्ण आकारात थांबवून पाहा. मध्यभागी पानांच्या कडा दिसतील, पण कडेला चौकोनी ठिगळांचा हिरवा लगदा झालेला असेल आणि त्यातच एखादे पान अनावश्यक तीक्ष्ण, काळ्या कडेचे दिसेल. ती काळी कड ड्रोनमधील कृत्रिम शार्पनिंगची असते.

यावर उपाय मोठ्या ड्रोनआधी उड्डाणाच्या पद्धतीत आहे. दाट पिकावरून जाताना उंची वाढवा किंवा वेग निम्मा करा. पीक संपून बांध, पाट किंवा गाडरस्ता सुरू होतो तिथून दृश्याची सुरुवात किंवा शेवट करा, म्हणजे डोळ्याला विसावा मिळतो आणि साठवणुकीलाही. ज्या ड्रोनमध्ये शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन कमी करण्याची सोय आहे, तिथे दोन्ही एक-एक घर खाली आणा. तुमच्या मिनी २ मध्ये ती सोय नाही, म्हणून त्याच्या चित्राला संकलनात अगदी हलका ब्लर आणि थोडा ग्रेन द्यावा लागतो. चित्र मऊ करून ते अधिक चांगले दिसते हे ऐकायला उलटे वाटेल, परंतु मोठ्या पडद्यावर ते खरे ठरते.

हालचाल अडखळण्याचे कारण शटर आहे, आणि तुमच्या तक्रारींपैकी सर्वांत मोठा वाटा मी यालाच देईन. चित्रपटातील हालचाल आपल्याला ओळखीची वाटते, कारण शटरचा वेळ, म्हणजे प्रत्येक चौकटीसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, चौकटीच्या वेळेच्या साधारण निम्मा असतो. सेकंदाला २५ चौकटी असतील तर शटर १/५०. त्या वेळात पान थोडे हलते, त्याची पुसट रेघ उमटते आणि ती रेघ पुढच्या चौकटीशी जोडली जाते. तुमच्या ड्रोनच्या लेन्सचे उजेड आत सोडणारे छिद्र एफ/२.८ इतकेच, कायमचे आहे. भर उन्हात उजेड कमी करायला त्याच्यापाशी शटर वेगवान करण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो. जुन्या छायाचित्रकारांचा नियम असा की स्वच्छ उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ आणि १/१०० हे एक्सपोजर येते. एफ/१६ वरून एफ/२.८ वर आलो की उजेड सुमारे ३३ पट वाढतो आणि १/१०० ऐवजी १/५० ठेवायचे म्हणजे आणखी दुप्पट. एकूण ६५ पट. म्हणूनच एनडी६४ हा फिल्टर, जो उजेडाचा ६४ वा भाग आत सोडतो, तुमच्या ड्रोनला दुपारच्या उन्हात जवळजवळ मापात बसतो. सकाळी कोवळ्या उन्हात एनडी१६ आणि सूर्य डोंगराआड गेल्यावर एनडी४ किंवा उघडी लेन्स. मिनी ४ प्रो चे छिद्र एफ/१.७ असल्याने त्याच हिशेबाने तिथे सुमारे १७७ पट उजेड रोखावा लागतो, म्हणजे एनडी१२८ किंवा एनडी२५६. नवा ड्रोन घेऊन जुने फिल्टर लावणारे इथेच फसतात.

फिल्टर नसताना काय होते ते मी स्वतः अनुभवले आहे. सावद्याजवळ केळीच्या घडांची तोडणी चालू होती. मजूर खांद्यावर घड घेऊन ओळीतून बाहेर येत होते आणि मी वरून त्यांच्यासोबत ड्रोन नेत होतो. वैशाखातील दुपार, शटर १/१६०० वर गेलेले. छोट्या पडद्यावर सगळे लखलखीत दिसले. घरी येऊन पाहिले तर माणसे चालत नव्हती, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर टपकत होती. प्रत्येक पाऊल स्वतंत्र छायाचित्रासारखे गोठलेले आणि पानांची थरथर डोळ्यांना टोचणारी. त्या दिवसाचे एकही दृश्य वापरता आले नाही. संगणकावर कृत्रिम मोशन ब्लर लावून पाहिला, तेव्हा मजुरांच्या पायांभोवतीची जमीनही वितळू लागली. त्या दिवसापासून फिल्टरची डबी विसरली की मी ड्रोन पेटीबाहेरच काढत नाही.

याच ओघात चौकटींच्या संख्येचा मुद्दा आहे. ड्रोन आणि फोन अनेकदा ३० चौकटींवर ठेवलेले असतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. २५ चौकटी आणि १/५० शटर या जोडीत ते मंदावणे चित्रात दिसत नाही, तर ३० चौकटी आणि १/६० ला मंडपातील भिंतीवरून पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा २५ वर आणि ड्रोन ३० वर चालवून दोन्ही एकाच टाइमलाइनवर टाकले, तर ड्रोनच्या दर सहा चौकटींतील एक गळते आणि सरळ रेषेतील उड्डाणालाही गचके बसतात. तुमच्या ‘अडखळण्या’त याचाही हात असण्याची शक्यता मला मोठी वाटते. सेटिंगमध्ये जाऊन आजच तपासा. याला एक रुपयाही लागत नाही.

रंगांविषयी एक सावधगिरी. मिनी २ आठ बिटचे चित्र देतो, म्हणजे लाल, हिरव्या व निळ्या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. दहा बिटमध्ये त्या १०२४ होतात. संध्याकाळच्या आकाशात निळ्यापासून केशरीपर्यंत जाणारा उतार २५६ पायऱ्यांत बसवला आणि वर ग्रेडिंगमध्ये (संकलनात रंग सुधारताना) ताणला की आकाशावर पट्टे उमटतात. मिनी ४ प्रो, एअर २एस आणि मॅव्हिक ३ दहा बिट लॉग (नंतर रंग सुधारण्यासाठी मुद्दाम फिके ठेवलेले चित्र) देतात, त्यामुळे त्यांच्या चित्रात ताणायला जागा राहते. हा मोठ्या ड्रोनचा खरा फायदा आहे आणि तो मी नाकारत नाही. मात्र झेडव्ही-ई१० मध्ये एस-लॉग३ दिसतो म्हणून तो वापरू नका. तोही आठ बिटचाच कॅमेरा आहे, आणि एवढ्या थोड्या पायऱ्यांत लॉगचा विस्तार कोंबला की चेहऱ्यावरच्या सावल्यांत मातकट डाग येतात. त्याऐवजी सिने-२ किंवा सिने-४ प्रोफाइल घ्या आणि पांढऱ्या रंगाचा समतोल आकडा देऊन पक्का करा. भर उन्हात ५६०० केल्व्हिन दोन्ही यंत्रांवर ठेवले, तर अर्धे जुळवणे तिथेच होते.

आपल्या भागात उष्णतेचा विचार वेगळा करावा लागतो. मिनी २, मिनी ४ प्रो आणि मॅव्हिक ३ या सर्वांच्या वापराची वरची तापमान मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली आहे, आणि एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो. काळ्या मातीवर ठेवलेला ड्रोन त्याहून अधिक तापतो. उडताना पंख्यांच्या वाऱ्याने तो थोडा थंड राहतो, परंतु जमिनीवर चालू ठेवून कलाकारांची तयारी होण्याची वाट पाहिली, तर इशारा देऊन बंद पडतो. ड्रोन सावलीत, ओल्या फडक्यावर ठेवलेल्या ताटावर ठेवा, सर्व तालीम तो बंद असताना करा आणि बॅटऱ्या थर्मोकोलच्या डब्यात न्या, मात्र बर्फाला टेकवू नका. दुपारी वाराही सुटतो. मिनी मालिकेतील ड्रोन सेकंदाला साडेदहा मीटरच्या आसपासचा वारा सोसतात असे सांगितले जाते, पण सोसणे आणि स्थिर चित्र देणे यांत अंतर आहे. साक्रीजवळच्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे हलक्या ड्रोनने काम करायचे तर सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात करावे. तीच वेळ उजेडासाठीही उत्तम. सावल्या लांब असतात, त्यामुळे नांगरटीच्या तासांना आणि कपाशीच्या ओळींना उठाव येतो, आणि वरून घेतलेले दृश्य सपाट नकाशासारखे दिसत नाही.

नियमांकडे वळतो, कारण दीड लाखाच्या निर्णयात त्यांचे वजन मोठे आहे. ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झाले. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो आणि त्याला दूरचालक (ड्रोन उडवणाऱ्याचे) प्रमाणपत्र लागत नाही. २५० ग्रॅम ते २ किलो हा सूक्ष्म वर्ग आहे, आणि त्याचा व्यावसायिक वापर करायचा तर प्रमाणपत्र लागते. मिनी मालिकेचे २४९ ग्रॅम हे वजन याच सीमेसाठी आखलेले आहे. त्यातल्या मिनी ४ प्रो ला जास्त क्षमतेची बॅटरी बसवली की तो सीमेपलीकडे जातो. सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडता येते, मात्र चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे आणि त्याहून जवळ हिरवे क्षेत्र नसतेच. जळगाव विमानतळाच्या आसपास काम करताना हे लक्षात ठेवावे. भुसावळ आणि वरणगाव येथे आयुध निर्माणी आहेत, दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. त्या बाजूला जाण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा आणि स्थानिक पोलीस ठाण्यात विचारा. पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्याला लागून आहे आणि पाल यावल अभयारण्यात येते. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन नेऊच नये.

दुसरी बाब आयातीची. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारने बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचाच अपवाद आहे. म्हणजे बाजारात मॅव्हिक ३ किंवा मिनी ४ प्रो म्हणून जे विकले जाते, त्याचे पक्के बिल, हमी आणि सुटे भाग यांपैकी काहीच खात्रीने मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका चित्रीकरण गटाने मोठ्या शहरातील दुकानातून असा ड्रोन घेतला. तिसऱ्या महिन्यात गिंबलची (कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेची) पट्टी तुटली, आणि दुकानदाराने आपण तो विकल्याचेच नाकारले, कारण कागद नव्हता. दीड लाखातील लाखभर रुपये अशा वस्तूत अडकवावेत असे मला वाटत नाही, आणि तुम्हालाही मी तसे करू देणार नाही.

आता कॅमेरा. तुमच्यासमोर खऱ्या अर्थाने तीन वाटा आहेत.

पहिली वाट झेडव्ही-ई१० ची. तो तुम्हाला माहीत आहे. २०२१ चा हा कॅमेरा सहा के इतक्या बिंदूंवरून ४के चित्र तयार करतो, त्यामुळे बारकावा उत्तम येतो, आणि त्याचा ऑटोफोकस एकट्या माणसासाठी वरदान आहे. उणिवा दोन. सेन्सरला स्थिरीकरण नाही आणि रोलिंग शटर, म्हणजे चित्र ओळीओळीने टिपल्याने येणारा तिरकेपणा, ठळक आहे. धावत्या एसटीच्या खिडकीतून बाहेरचे दृश्य घ्या, विजेचे सगळे खांब एका बाजूला कलंडलेले दिसतील. कॅनन आर५० ही त्याच वर्गातली दुसरी निवड आहे. तोही ४के ३० चौकटी सेन्सरच्या कडा न सोडता देतो आणि त्याचे त्वचेचे रंग मला अधिक भावतात. परंतु त्याआधीच्या स्वस्त कॅनन कॅमेऱ्यांपैकी अनेक ४के ला चित्र मोठ्या प्रमाणात कापतात, त्यामुळे केवळ ‘४के’ वाचून जुना कॅनन घेऊ नये.

दुसरी वाट, ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के हा कॅमेरा, २०१८ मध्ये आला. तो बारा बिट रॉ (सेन्सरवरून आलेले जवळजवळ कच्चे चित्र) साठवतो, त्याच्या आयएसओच्या दोन मूळ पातळ्या ४०० आणि ३२०० आहेत, आणि कंपनी अंधारापासून उजेडापर्यंत १३ स्टॉपचा पल्ला सांगते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). कापूस आणि काळी माती एकाच चौकटीत धरायची ताकद या तिघांत याच्यात सर्वाधिक आहे. पण चालत्या माणसाचा माग ठेवणारा ऑटोफोकस त्यात नाही, स्थिरीकरण नाही, पडदा वळत नाही, आतली बॅटरी तासभरही पुरत नाही आणि उन्हात त्या पडद्यावर काही दिसत नाही. त्याच्याभोवती पिंजरा, मोठी बॅटरी, एसएसडी, मॉनिटर असा संसार मांडावा लागतो. सोबत एक सहायक कॅमेरामन असेल, तरच हा घ्यावा.

तिसरी वाट, जी मी तुमच्यासाठी निवडेन, ती म्हणजे चांगल्या स्थितीतला वापरलेला पॅनासोनिक जीएच५. हा २०१७ चा कॅमेरा आहे आणि नव्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातींत त्याचे नाव आज येत नाही. तरीही २५ चौकटींना ४के दहा बिट ४:२:२ (रंगांची अधिक माहिती राखणारे) चित्र तो आतल्या कार्डवर १५० मेगाबिटला साठवतो, त्याच्या सेन्सरचे स्थिरीकरण हातात धरून संवाद टिपण्याइतके भक्कम आहे, मध्येच रेकॉर्डिंग थांबवत नाही आणि पूर्ण आकाराचा एचडीएमआय देतो. त्याचा व्हिडिओचा ऑटोफोकस विश्वासार्ह नाही आणि रात्री तो झेडव्ही-ई१० च्या मागे पडतो. पण तुमचा लघुपट शेतात, ओट्यावर, दिवसाउजेडी घडतो, आणि कथापटात फोकस हाताने करायला शिकणे हे तसेही आवश्यकच आहे. शिवाय त्याचा फोर-थर्ड्स सेन्सर, तुमचा ड्रोन आणि एपीएस-सी यांच्या मधल्या आकाराचा असल्याने पार्श्वभूमीचा धूसरपणा फार वाढत नाही, आणि ड्रोनचे सर्वत्र तीक्ष्ण असणारे चित्र त्याच्या शेजारी कमी परके वाटते. व्ही-लॉग त्यात पैसे देऊन घ्यावा लागतो. तो नसेल तर सिनेलाइक-डी प्रोफाइल पुरेसा आहे.

वापरलेला कॅमेरा घेताना अर्धा तास सलग दहा बिट रेकॉर्डिंग करून पाहा, एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचे छायाचित्र काढून सेन्सरवरचे डाग मोजा आणि लेन्समधून टॉर्च आरपार मारा. आपल्या कोरड्या हवेत लेन्सला बुरशी सहसा लागत नाही, पण मुंबई-कोकणाकडून आलेल्या लेन्समध्ये ती आधीच असू शकते. कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ दिसली की तो सौदा सोडून द्या.

लेन्स एकच घ्या, १२-३५ एफ/२.८ सारखी, आणि तिच्यासाठी बदलता एनडी फिल्टर. जो नियम ड्रोनला, तोच कॅमेऱ्याला. उरलेल्या पैशातून एक जड ट्रायपॉड, एक बूम माइक, दोन कॉलर माइक आणि पाच बाय तीन फुटांचा पांढरा थर्मोकोल. उजेड वळवायची किंमत थर्मोकोलाइतकीच असते हे खान्देशातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. चाळीसगावच्या केकी मूस यांनी आपल्या बंगल्यात बसून, टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंमधून बर्फाळ आणि चांदण्या रात्रींचे आभास छायाचित्रांत उभे केले. त्या बंगल्यात जाऊन ती छायाचित्रे जवळून पाहा. सेन्सरच्या आकाराविषयी जितके वाचाल, त्याहून अधिक तिथे एका दुपारी कळेल.

ध्वनीचा उल्लेख मी मुद्दाम केला. तुमच्या ड्रोनमध्ये माइक नाही. जमिनीवरच्या दृश्यात तुमच्या प्रेक्षकाला मोटारीचा आवाज, पाटातले पाणी, लांबून येणारी बैलांची घुंगरे ऐकू येत असतात, आणि ड्रोनचे दृश्य लागताच हे सारे तुटून केवळ संगीत सुरू होते. चित्रपट ‘थांबल्यासारखा’ वाटण्यामागे चित्राइतकाच हा तुटलेला आवाज आहे. प्रत्येक जागी ड्रोन उडवण्याआधी दोन मिनिटे शांत उभे राहून तिथला आवाज रेकॉर्ड करा आणि तो दोन्ही दृश्यांखालून सलग वाहू द्या. ड्रोनही बहुतेक वेळा पाच ते पंधरा मीटर उंचीवरच ठेवा, म्हणजे झाडाचा शेंडा किंवा घराचे धाबे जवळून सरकते आणि दृश्य कोणीतरी पाहत असल्यासारखे वाटते. शंभर मीटरवरून गाव दाखवायचे दृश्य अख्ख्या लघुपटात एखादेच असावे.

खरेदीआधी एक चाचणी करा. मित्राचा कॅमेरा आणि तुमचा ड्रोन घेऊन सकाळी आठ वाजता शेतात जा. पांढरी टोपी घातलेल्या एका माणसाला काळ्या मातीत उभे करा आणि त्याच्या हातात करडा कागद द्या. कॅमेरा ट्रायपॉडवर डोळ्यांच्या उंचीला लावा आणि ड्रोन त्याच्याच शेजारी, थोडा वर, तरंगत ठेवा. दोन्हींवर २५ चौकटी, १/५०, आयएसओ १००, ५६०० केल्व्हिन, दोन्हींवर योग्य एनडी. कॅमेरा आयएसओ १०० ला नेमलेल्या प्रोफाइलमध्ये उतरत नसेल, तर त्याच्यावर एक घर गडद फिल्टर लावा. माणसाला करडा कागद धरून, मग कागद न धरता, मग चालत असताना टिपा. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत दोन्ही शेजारी लावा, आधी करडा कागद, मग टोपी, मग माती, मग त्वचा या क्रमाने ड्रोनचे चित्र कॅमेऱ्याशी जुळवा आणि ती ग्रेड जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक चित्रीकरणात ती आधार म्हणून लागेल. एवढे करूनही टोपीतील शिवण ड्रोनच्या चित्रात दिसत नसेल, तर मला दोन्ही मूळ फाइली पाठवा, आवळलेल्या नव्हे, कार्डवरून थेट घेतलेल्या.